ज्याचं देवक त्याला बाधतं

मसाका, ९ नोव्हेंबर १९९१

सेंगा पेरपेतुआ,

गोरेतीचा नमस्कार. कागदावर गुडघे टेकता येत नाहीत, तरी टेकले असं समजा. तुम्ही माझ्या नवऱ्याच्या, वामालाच्या आत्या, म्हणजे माझ्या सेंगा. लग्नाआधी मला सासरी कसं उठायचं-बसायचं ते तुम्हीच शिकवलंत, म्हणून जे आईला लिहायचं ते तुम्हाला लिहिते आहे. आईला लिहिलं तर ती रडेल. तुम्ही रडणार नाही हे मला माहीत आहे.

यंदा नाकतोडे भरभरून आलेत. त्यांना धरायला गल्लीतल्या प्रत्येकाने पत्रे उभे केलेत, खाली पिंपं लावलीत, आणि सकाळी पोत्यांवर पोती निघतात. परवा आम्ही सगळ्या बायका अंगणात बसून पंख-पाय खुडत होतो. माझा न्सांबा तव्यापाशी घुटमळत होता. मागच्या हंगामात त्याला गोवर होता, त्याच्या आधी तो लहान होता, त्यामुळे नाकतोडे त्याने कधी चाखलेच नव्हते. वामालाने कौतुकाने मूठभर त्याच्या हातावर ठेवले. म्हणाला, खा, आता तू पुरुषांत आलास.

सेंगा, तव्यातला कांदा करपायच्या आत पोराचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या, डोळे मिटले, आणि श्वासाची शिट्टी वाजायला लागली. वामाला नुसता उभा राहिला. मी ज्यांच्या दुकानात बायकांचे झगे, गोमेसी, शिवते ते मुत्याबा समोरच्या घरी होते. त्यांनी मोटरसायकल काढली आणि आम्हाला दवाखान्यात नेलं. इंजेक्शन दिल्यावर पोराला श्वास आला.

मला वाटलं, संकट टळलं. दुसऱ्या दिवशी वामालाचे येरोनिमुकाका आले. पोराचं तोंड अजून सुजलेलं होतं. त्यांनी काठीने त्याची हनुवटी वर केली, बघितलं, आणि वामालाला म्हणाले, "ज्याचं देवक त्याला बाधतं. आपण हरणाच्या कुळातले. आपल्यातल्या कुणाला नाकतोडा बाधलेला ऐकलायस? मग हे पोर कुठल्या कुळातलं?"

मुत्याबा नाकतोड्याच्या कुळातले आहेत हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. हंगामात ते आपल्या दुकानाच्या ओट्यावरसुद्धा कुणाला नाकतोडे खाऊ देत नाहीत. आणि मी त्यांच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले, हेही सगळ्यांनी पाहिलं. काकांनी नाव घेतलं नाही. वामाला आपल्या बुटांकडे बघत राहिला. नवऱ्याने ओरडावं, मारावं, काहीतरी विचारावं. बुटांकडे बघू नये.

कुळाने नाही म्हटलं तर कुळाने दिलेलं 'न्सांबा' हे नाव काढून घेतील. ज्याला कूळ नाही त्याला आपल्यात जमीन नाही, बायको नाही, पुरायला जागासुद्धा नाही. पाच वर्षांचं पोर आहे हो ते. त्याच्या अंगाची खाज जाईल असं काही औषध पाठवा. आणि काकांना दोन शब्द लिहा. न्सांबाची नाळ तुम्हीच पाण्यात सोडली होतीत, आणि ती तरंगली होती, म्हणजे पोर कुळाचंच. तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?

तुमची सून,
गोरेती


सेसे बेट, १५ नोव्हेंबर

गोरेती बाळ,

होडीवाल्याने तुझं पत्र माशांच्या टोपलीत घालून आणलं, त्यामुळे वास कुठून आला ते विचारू नकोस. मी रडले नाही. पण दोनदा वाचलं.

आधी पोराचं. सोबत औषधी मातीची कांडी आहे. थोड्या पाण्यात दगडावर उगाळ आणि गांधींवर लाव. मुलुलुझाचा कडू पाला उकळून गार कर, त्याने रोज आंघोळ घाल. तोंड वाकडं करेल, करू दे. औषध गोड लागलं तर समजावं की वैद्य लबाड आहे. ताकदीसाठी मुकेनेचं पीठ पाठवते आहे. चांगली ताजी मासळी, याच आठवड्यात आमच्या वाळूवर सुकवलेली. चमचाभर पेजेत घाल. अंग भरेल.

इथे सध्या सगळा किनारा मुकेनेने चंदेरी झाला आहे आणि माझे डोळे टोमॅटोसारखे झाले आहेत. दरवर्षी हे असंच. मासळी सुकायला लागली की माझी शिंक सुरू, हात खाजतात, नाकाला फडकं बांधून दळावं लागतं. धूळ, दुसरं काय. म्हातारपणी सगळं अंगाशी येतं असं म्हणावं, तर मला हे लहानपणापासून आहे.

आता येरोनिमुचं. तो माझा थोरला भाऊ. वरून काटेरी असला तरी आत दया आहे. लहानपणी नाकतोड्यांचा हंगाम आला की आपला वाटा तो दरवर्षी बारक्या पोरांना वाटून टाकायचा, स्वतः एकही ठेवायचा नाही. आम्हा मुलींना तर तेव्हा मिळायचेच नाहीत. पंख खुडायचे आम्ही, खायचे पुरुषांनी. त्या बदल्यात वर्षाला एक गोमेसी. मी आजतागायत नाकतोडा चाखलेला नाही. हल्लीच्या तुम्ही सगळ्याजणी खाता, मी काही बोलत नाही.

तेव्हा असं कर. तोंड मिटून राहा. त्याच्यासमोर शपथा घेऊ नकोस, रडू नकोस. शपथ घेणारी बाई आमच्या लोकांना आधी खोटी वाटते. सूज उतरली की त्याचा संशयही उतरेल. आणि वामालाला माझा निरोप सांग, बूट चांगले असले तरी रोज बघण्यासारखे नसतात.

सेंगा पेरपेतुआ


मसाका, २४ नोव्हेंबर

सेंगा,

काय घातलं होतं पिठात?

मी तुमच्या शब्दाखातर चमचाभर पेजेत घातलं. न्सांबाने अर्धी वाटी संपवली असेल. तेच ओठ, त्याच गांधी, आणि या वेळी घसा असा आवळला की आवाजच बंद झाला. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याला 'आई' म्हणता येत नव्हतं. सरकारी इस्पितळात त्याला सलाइन लावलं. डॉक्टर म्हणाले, थोडा उशीर झाला असता तर आणायची गरजच उरली नसती.

तुमच्या भावाने तुम्हाला सांगितलं असेल, पोराची परीक्षा घे म्हणून. नाकतोडे दळून पिठात मिसळले आणि मासळी म्हणून पाठवलेत. दुसरं काय समजू? घरात दुसरं काहीच वेगळं शिजलं नव्हतं. तुमच्यावर मी आईपेक्षा जास्त विश्वास ठेवला.

येरोनिमुकाकांना हवं ते मिळालं. ते इस्पितळात येऊन बघून गेले. मागे वारलेल्या सासऱ्यांच्या अखेरच्या विधीसाठी १४ डिसेंबरला सगळं कूळ त्यांच्या अंगणात जमणार आहे, तिथेच न्सांबाचा निकाल लावणार म्हणतात. वामालाने मला माहेरी जायला सांगितलं. 'सांगितलं' म्हणजे बॅग दारात आणून ठेवली. उद्या निघते.

कांडी परत पाठवते आहे. आता तुमचा पाला नको.

गोरेती


सेसे बेट, २९ नोव्हेंबर

गोरेती,

माझ्या आयुष्यात मला कुणी असं पत्र लिहिलं नव्हतं. होडीवाला उत्तरासाठी थांबला होता, त्याला मी हाकलून दिलं. दिवसभर तुला मनातल्या मनात शिव्या दिल्या. मग उठले आणि तुला पाठवलेल्या पिठाची जी मासळी उरली होती ती सुपात पसरून निवडायला बसले.

पोराची परीक्षा घ्यायला कुणी काही मिसळलं नव्हतं. तरी त्यात काहीतरी होतं. मासळीत मासळीइतकीच कोळंबीची पिल्लं होती, तांदळाच्या कणीएवढी, पारदर्शक. जाळ्यात दोन्ही बरोबरच येतात. आम्ही कधी वेगळी करत नाही, कुणीच करत नाही. सुकल्यावर ती निवडायला बसल्याशिवाय दिसतसुद्धा नाहीत.

ते सूप तसंच उचलून मी मिशनच्या दवाखान्यात सिस्टर अनास्ताझियाकडे गेले. वाटेत बायका विचारत होत्या, सुपात घेऊन कुठे निघालीस, दवाखान्यात मासे विकतेस का? सिस्टरने बघितलं आणि मला स्टुलावर बसवलं. म्हणाली, कोळंबी आणि नाकतोडा हे भाऊबंद आहेत. एक पाण्यात राहतो, एक गवतात, पण दोघांचं कवच एकाच जातीचं. ज्याला एक बाधतो त्याला पुष्कळदा दुसराही बाधतो. याला ती अ‍ॅलर्जी म्हणते. मी विचारलं, हे होतं कशाने, कुणाच्या नजरेने, कुठल्या पापाने? ती म्हणाली, कशानेही नाही. शरीराची ओळखण्यात चूक होते. दारात साधा पाहुणा येतो, आणि शरीर चोर चोर म्हणत सगळं घर दांडकी घेऊन उठवतं. त्या धुमश्चक्रीत घरच मोडतं. पुष्कळदा हे रक्तातून येतं, आजीकडून, पणजीकडून.

औषधाचंही विचारलं. तिने माझ्या कांडीला नावं ठेवली नाहीत. खाज थंड होते, पाल्याने त्वचा निवते, ते खरं. पण घसा मिटायला लागला की कुठलाही पाला तो उघडत नाही, तिथे सुईच लागते. बाकी खरा उपाय एकच, आणि तो आपल्या आज्यांचा आहे: जे बाधतं ते खायचं नाही. इतकी वर्षं मी लोकांना मुळ्या देते आहे, आणि घरच्या पोराला मी लाडाने विष पाठवलं. मला माफ कर असं म्हणणार नाही. ते तू नंतर ठरव.

पण यातून एक गोष्ट निघते, ती बघ. तुझे ते मुत्याबा मुकेने खातात की नाही? नाकतोड्याच्या कुळातली इथली सगळी माणसं बोटं चाटून खातात. त्यांना काही होत नाही. म्हणजे न्सांबाला जे होतं ते देवकाने होत नाही.

हे सगळं मी येरोनिमुला लिहून कळवलं. त्याचं उत्तर कालच आलं. तो लिहितो, "पाण्यातला नाकतोडा तोही नाकतोडाच. तू माझी शंका पक्की केलीस." नाळेचंही लिहिलंय. पेरपेतुआ, म्हणे, तू नाळेला लोणी लावून टोपलीत सोडतेस. लोणी लावलेली नाळ कुणाचीही तरंगते. लोणी लावतोच आपण. माझ्या आत्यांनी लावलं, त्यांच्या आत्यांनी लावलं. पोराला आत घ्यायचं ठरवूनच सेंगा टोपली भरते. हे त्याला साठ वर्षं माहीत होतं. आजच त्याला ते खुपलं.

सेंगा


किटेंगा, ४ डिसेंबर

सेंगा,

मी तुम्हाला जे लिहिलं ते परत घेता येत नाही. घेता आलं असतं तर दातांनी उचललं असतं. न्सांबा बरा आहे. माझी आई त्याला फक्त मातोके, उकडलेली केळी, आणि घेवडा देते आहे.

काल वामाला आला होता. फाटकाबाहेर उभा राहिला. पोराचे शाळेचे बूट घेऊन आला होता. ते कुंपणावर ठेवले आणि म्हणाला, लहान झाले असतील तर कळव. आत ये म्हटलं तर आला नाही. तो गेल्यावर न्सांबाने मला विचारलं, "मी कुणाचा?" कुणी शिकवलं त्याला हे? मी म्हटलं, बाबांचा. तर म्हणतो, मग बाबा आत का नाही आले?

मुत्याबांनी चर्चसमोर शपथ घ्यायची तयारी दाखवली. त्याने आणखीनच बोभाटा झाला. लोक म्हणाले, स्वतःचं नसतं तर एवढा पुढे कशाला आला असता? त्यांनी आता दुकानाचा ओटाच बंद ठेवलाय. आई म्हणते, सोडून दे, पोराला माझ्या भावाकडे वाढव. पण आईच्या भावाचं कूळ त्याला कसं मिळणार?

सेंगा, काल मी तुमचं पहिलं पत्र पुन्हा काढलं. औषधाचं काही राहून गेलं का बघायला. आणि दुसरंच सापडलं. मासळी सुकली की तुमचे डोळे सुजतात. हात खाजतात. लहानपणापासून. तुम्ही ते धुळीवर ढकललंत. वाळू तर तिथे बारा महिने आहे, मग एरवी डोळे का सुजत नाहीत? तुम्ही स्वतः मुकेने खाता का? खरं सांगा. आणि नाकतोडे तुम्ही कधी चाखलेच नाहीत.

सिस्टर म्हणाली ना, रक्तातून येतं? मग ते रक्त तुमचंच असेल. हरणाच्या कुळाचं. १४ तारखेला तिथे येऊन एवढंच सांगा. तुमचं ऐकतील. तुमच्याशिवाय आमच्या बाजूने बोलणारं त्या अंगणात कुणी नाही. मला तर तिथे पाय ठेवायलाही मनाई आहे.

गोरेती


सेसे बेट, ८ डिसेंबर

गोरेती,

नाही. मी काही सांगणार नाही. आता मला लिहू नकोस, मी घरी नसेन.

मुकेने मी खात नाही. लहानपणीच आईने बंद केलं होतं, कारण सांगितलं नाही.

पोराचे कपडे धुऊन ठेव.

सेंगा


किटेंगा, ११ डिसेंबर

सेंगा,

मिळालं. म्हणजे तुम्हीही.

मी समजू शकते. भाऊ तो भाऊ, सून ती सून. कपडे धुऊन ठेवले आहेत. सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही कंपालाला जातो आहोत, माझ्या मैत्रिणीकडे. तिथे कुणी कूळ विचारत नाही म्हणतात. शाळेत त्याचं नुसतं बाप्तिस्म्याचं नाव, 'जोसेफ', घालीन. पुढचं नाव नसलं तरी मुलं मोठी होतात.

वामालाने आणलेले बूट न्सांबाला लहान झाले आहेत. हे तुम्ही त्याला कळवा किंवा कळवू नका.

हे पत्र तुम्हाला मिळेल की नाही माहीत नाही. तुम्ही घरी नसाल ना.

गोरेती


मसाका, मिशनचा दवाखाना, १५ डिसेंबर

गोरेती,

अक्षर माझं नाही, सिस्टर अनास्ताझियाचं आहे. माझे डोळे अजून उघडत नाहीत. मी सांगते आहे, ती लिहिते आहे, आणि मधेमधे मला गप्प राहायला सांगते आहे. ते ती लिहीत नाहीये.

हे पत्र आणणारा माणूस तुझ्या दारात उभा असेल. त्याला थोडा वेळ उभा राहू दे. आधी वाच.

माझं आधीचं पत्र वाचून तू काय समजलीस ते मी ओळखू शकते. पण तुला खरं लिहिलं असतं तर तू मला अडवलं असतंस. सिस्टरने अडवलंच होतं. ती म्हणाली, सत्तरीच्या बाईने हे करू नये, श्वास अडकला तर सुईसुद्धा पुरेल असं मी सांगू शकत नाही. मी म्हटलं, सांगू नकोस, नुसती सुई घेऊन माझ्या शेजारी बस. तिने देवाचं नाव घेतलं आणि बरोबर आली.

काल येरोनिमुच्या अंगणात सगळं कूळ जमलं होतं. पुरुष खुर्च्यांवर, आम्ही चटईवर. तुझ्या सासऱ्याचे विधी झाले, वारस बसवला, बिअर फिरली. मग येरोनिमु उठला आणि न्सांबाचा विषय काढला. तू म्हणालीस, मी बोलेन आणि ते ऐकतील. बाळ, मी बोलले असते तर त्यांनी नाळेच्या लोण्याचा विषय काढला असता. बोलण्याला उत्तर देता येतं. म्हणून मी बोललेच नाही. पाहुण्यांसाठी तळलेल्या नाकतोड्यांची परात ठेवली होती, तिच्यातून एक ताट भरून मागितलं.

सगळे हसले. येरोनिमु म्हणाला, "आपल्या घरातल्या बायका हे खात नाहीत."

मी म्हटलं, "आज खातात."

आणि खाल्ले. मूठभर, मग आणखी मूठभर. तुला खरं सांगू? फार छान लागतात. कुरकुरीत, खारट. पुरुषांनी एवढी वर्षं एका गोमेसीवर आमची बोळवण केली याचा मला तिथे बसल्या बसल्या राग आला. थोडा वेळ काही झालं नाही. मी घाबरले. काही होणार याला नाही, काही झालंच नाही तर काय, याला. मग कान खाजायला लागले. मग जीभ जड झाली, ओठ सुजले, हातांवर गांधी चढत गेल्या. बायका ओरडायला लागल्या. सिस्टर उठली, मी तिचा हात धरून ठेवला. आवाज जायच्या आत मला एवढंच विचारायचं होतं.

मी म्हटलं, "येरोनिमु, ज्याचं देवक त्याला बाधतं. मग आता सगळ्यांसमोर सांग, मी कुणाची मुलगी? आपल्या आईचं नाव घे आणि सांग."

तो माझ्याकडे बघत होता. मला श्वास लागायला लागला तशी सिस्टरने माझा हात झटकला आणि नव्या गोमेसीवरूनच मांडीत सुई मारली. गोमेसीला भोक पडलं आहे. ती तू शिवून दे.

पुढचं मला अर्धवट दिसत होतं, पण ऐकू येत होतं. येरोनिमु खुर्चीवरून उतरला आणि माझ्या चटईवर येऊन बसला. पुरुष चटईवर बसत नाहीत. त्याने माझ्या हातातलं ताट काढून घेतलं, दूर ठेवलं, आणि म्हणाला, "मलाही बाधतात."

गोरेती, त्याची दया! दरवर्षी पोरांना वाटून टाकायचा तो वाटा! तो सहा वर्षांचा असताना त्याला हेच झालं होतं. आमच्या आईने त्याला झोपडीमागे नेऊन पाण्याने धुतलं आणि सांगितलं, कुणाला बोलू नकोस, बोललास तर तुझा बाप मला आणि तुला दोघांना हाकलेल. नाकतोडे आले की म्हण, पोट भरलंय. मला मुकेने बंद केलं ते त्यानंतरच. म्हणजे तिला दिसलं असणार. दोन मुलांची सूज ती एकटी लपवत राहिली, आणि आपल्यावर कुणी न केलेला आरोप उरावर घेऊन मेली. येरोनिमुने ती भीती साठहून जास्त वर्षं गिळली होती. तुझ्या पोराचं तोंड सुजलेलं बघितलं तेव्हा त्याला आपलंच तोंड दिसलं. आणि घाबरलेला माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो तसं त्याने दाखवलं. मी त्याला माफ केलंय की नाही ते मला अजून ठाऊक नाही. पण तो सगळ्यांसमोर रडला. आणि उठून मोठ्याने म्हणाला, न्सांबाचं नाव न्सांबाच राहील. आज सकाळी तो मुत्याबाच्या दुकानाकडे गेला. तिथे काय बोलला ते मला सांगत नाही, पण ओटा उघडलाय म्हणे.

आता दारातल्या माणसाचं. तो रात्रभर इथे माझ्या खाटेपाशी बसला होता. मी त्याला म्हटलं, तुझी आत्या मरता मरता वाचली कारण तुला तुझ्या बायकोला एक प्रश्न विचारता आला नाही. त्याने ऐकून घेतलं. त्याला आत घे असं मी सांगणार नाही. सेंगा म्हणून तुला आयुष्यभर सांगत आले, नवऱ्यापुढे गुडघे टेक. आज सांगते, आधी त्याला टेकू दे. मग तुझं मन काय म्हणतं ते बघ. कंपालाची गाडी रोज सुटते.

पोराला जवळ बोलाव आणि माझं नाव घेऊन सांग. हरीण हे त्याचं देवक, ते बापाकडून आलं. नाकतोडा हे त्याचं पथ्य, ते माझ्या आईकडून आलं. दोन्ही पाळायचं, आणि दोन्हीची लाज धरायची नाही. घरात सुईची सोय ठेव, सिस्टर शिकवेल.

आणि परत कधी कुणी त्याला विचारलं, तू कुणाचा, तर त्याने म्हणावं, आमच्या घरात ज्यांना नाकतोडे बाधतात त्यांचा.

तुझी सेंगा,
पेरपेतुआ